टाचणी लावलेलं प्रकरण

आप्पा, सोमवारी माझं पुस्तक छापखान्यात जायचं आहे आणि त्यातलं शेवटचं प्रकरण ठेवायचं की काढायचं हे मला त्याआधी ठरवायचं आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा तुम्हाला विचारण्यात तसा काही अर्थ नाही. पण ज्यांना विचारता आलं त्या सगळ्यांना विचारून झालं, आणि झाडून सगळ्यांनी ‘ठेवा’ म्हणूनच सांगितलं. एकमतानं झालेल्या गोष्टीवर तुमचा कधी फारसा विश्वास नव्हता. चर्चच्या मंडळीच्या कमिटीत सगळे हात एकदम वर गेले की तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत बसायचात. ते आठवलं आणि मी पेन उचललं.

मी पुस्तकं लिहिते हे तुम्हाला ठाऊक नाही. हे माझं चौथं. शाळेत मराठी शिकवून उरलेल्या वेळात मी ख्रिस्ती वाचकांसाठी लहान लहान पुस्तकं लिहिते. विश्वास, अन्याय, दुःखातली आशा असेच विषय असतात. पुण्याचे एक प्रकाशक ती काढतात आणि ती चर्चच्या दाराशी टेबलावर मांडलेली असतात, बाजूला मेणबत्त्या आणि भिंतीवरची कॅलेंडरं. बारामतीत आमच्या मंडळीत मला ‘पुस्तकवाल्या बाई’ म्हणतात आणि मला ते आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू. ह्या चौथ्या पुस्तकात आठ प्रकरणं आहेत. निरपराध माणसावर अन्याय होतो तेव्हा विश्वास ठेवणारानं काय करावं, असा विषय. पहिली सात प्रकरणं लिहायला मला दोन वर्षं लागली. आठवं, म्हणजे देवानं हे का होऊ दिलं हे सांगणारं, मी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत लिहून काढलं आणि स्वतःवरच इतकी खूश झाले की ह्यांना बळजबरीनं बसवून अख्खं वाचून दाखवलं. हे ‘चांगलं झालंय’ म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

जानेवारीत तुमची नात गेली, आप्पा. तुम्ही गेलात तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिच्या शाळेच्या गणवेशाची काजं तुम्ही केली होती, ती तुमची शेवटची शिलाई. सव्वीस वर्षांची झाली होती. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि त्या दिवशी इंदापूरहून स्कूटीवर परत येत होती. दिवेलागणीची वेळ. रस्त्याच्या कडेला, कडेला कसली, अर्ध्या रस्त्यात, उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधा बाभळीचा टहाळासुद्धा कुणी लावला नव्हता. ती मागून आदळली. पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं की दुचाकीस्वार भरधाव वेगात आणि हयगयीने वाहन चालवत होती. माझी मुलगी! चाळीसच्या पुढं काटा गेला की तिला धडधडायचं. भाजीचे टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून तिच्या पुढं जायचे. एकदा सायकलवरच्या एका आजोबांनी तिला मागं टाकलं होतं आणि तिनंच घरी येऊन ते हसत हसत सांगितलं होतं. तिला पुरून आल्यावर मला जे दुःख झालं ते झालंच, पण त्या दोन शब्दांनी माझ्या अंगाचा जो जाळ झाला तो वेगळा होता. हे अजून तो कागद घेऊन हेलपाटे घालतात.

दोन महिन्यांनी प्रकाशकांचा फोन आला. माणूस वाईट नाही. आधी बराच वेळ नुसता चुकचुकला. मग म्हणाला, “बाई, एक बोलू का? आता तुमच्या त्या शेवटच्या प्रकरणाला वेगळंच वजन येईल. आधी ते अभ्यासातून आलं होतं. आता वाचक म्हणेल, ह्या बाईनं स्वतः भोगलंय.” पहिल्या पानावर मुलीचा फोटो टाकू या, असंही म्हणाला. मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. खरं तर तो भिंतीवर आपटायचा होता, पण ह्यांनी नुकताच घेऊन दिलेला आहे. मग मी ते प्रकरण काढून वाचायला बसले आणि दुसऱ्या पानावर थांबले. शब्द सगळे माझेच होते, पण हे मी पूर्वी कुठंतरी मोठ्यानं वाचलेलं आहे असं वाटत राहिलं. कुठं, ते आठवायला वेळ लागला नाही.

तुमचं इंदापूरचं दुकान मला आजही डोळे मिटून उभं करता येतं. दारात मशीन, आत कपडे कापायचं फळकूट, भिंतीवर टेप लटकवायला खिळा, आणि त्या खिळ्याच्या वरच्या फळीवर ते निळ्या कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक. वरचं नाव घासून गेलं होतं, त्यामुळं घरात त्याला ‘निळं पुस्तक’ एवढंच नाव. कुणी परदेशी पाद्र्यानं लिहिलेलं आणि इथल्या कुणी मराठीत आणलेलं, दुःखात पडलेल्या माणसांसाठी. आपल्या मंडळीची रीत अशी की कुणाकडं मयत झाली की सात संध्याकाळी त्या घरी वाचन व्हायचं. गावातले सगळे यायचे, आपले यायचे, हिंदू शेजारी यायचे, कुणी भाकरी आणायचं, कुणी दूध. आधी शास्त्रातला उतारा, मग एक गीत, मग निळ्या पुस्तकातलं थोडंसं, आणि ते वाचायला कायम तुम्ही. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा म्हणायचे, “वाचायला टेलरआप्पाच पाहिजेत.” तुम्ही सावकाश वाचायचात, कापड मोजल्यासारखे, आणि एखाद्या ओळीला कुणी हुंदका दिला तर तिथंच थांबायचात. आणि आठवं प्रकरण संपलं की पानं उलटून थेट दहाव्यावर जायचात. नवव्या प्रकरणाची पानं तुम्ही एकत्र धरून टाचणी लावलेली होती, डोक्याची, दुकानातलीच.

त्या टाचणीवरून आपलं भांडण झालं ते मला लख्ख आठवतं. मी बी.ए.ला आहे, वक्तृत्वाचे दोन चषक घरात आहेत, आणि जगात मला कळत नाही असं काही शिल्लक राहिलेलं नाही. नववं प्रकरण मी दुपारी दुकानात बसून चोरून वाचलं आहे. त्यात लेखकानं तोच प्रश्न घेतला आहे जो सगळ्यांच्या मनात असतो, दुःख का येतं, आणि पायरी पायरीनं उत्तर दिलं आहे. मला ते फार भारी वाटलेलं आहे. मी तुम्हाला म्हणते, “आप्पा, पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच तुम्ही झाकून ठेवता. हा लेखकाशी अप्रामाणिकपणा आहे.” तुमच्या तोंडात चार टाचण्या आहेत. त्या तुम्ही एकेक काढून उशीला टोचता आणि मग बोलता.

“ब्लाऊज घालून बघायच्या आदी पक्की टीप मारत्यात का?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“हाय. ज्येच्यावर येळ आली त्येचं त्येला इचारू दे की, का म्हणून. आपून आदीच सांगाय लागलो तर त्येचा सवाल त्येच्या घशातच ऱ्हातो.”

“मग ते प्रकरण कधीच वाचायचं नाही?”

“ज्येला वाचायचंय त्येनं आपल्या हातानं काढावी टाचणी. मी न्हाय काढणार. आनि तूबी काढू नगं.”

एवढं बोलून तुम्ही मशीन चालू केलंत, म्हणजे विषय संपला. मला तुमचा राग आला होता. एक शिंपी, सातवी शिकलेला, तो लेखकाला कात्री लावतो, असंच मला वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं ते तसंच वाटलं.

आणि मग पळसदेव. तिथं आपल्या मंडळीचं एकच घर होतं. तो माणूस वाळूच्या बोटीवर बुडी मारायचा. खाली जाऊन पाटी भरायची आणि वर यायचं, दिवसभर तेच. एक दिवस तो वर आला नाही. बोटवाल्यानं हात झटकले, म्हणाला कामावर नव्हताच, दारू पिऊन पोहायला गेला होता. पंचनाम्यात तेच उतरलं. तो माणूस दारूला शिवत नव्हता हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण जबाब द्यायला कुणी पुढं आलं नाही, कारण निम्म्या गावाची पोटं त्याच बोटींवर होती. नेमका तेव्हा तुमचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. तुम्ही निळं पुस्तक माझ्या हातात दिलंत आणि खुणेनंच सांगितलंत, जा. मी तेवीस वर्षांची होते. रोज दुपारच्या एसटीनं जायचे आणि वाचून झालं की आपल्या मंडळीतल्या एकांच्या जीपमधून परत यायचे.

त्या वर्षी पाणी खूप उतरलं होतं. धरणात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि त्यांच्या अंगणातून दिसत होतं. तीन दिवस नीट पार पडले. चौथ्या दिवशी बायका बऱ्याच जमल्या होत्या, शाळेचे गुरुजी आले होते, आणि मी नववं प्रकरण वाचलं. छान वाचलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं जिथल्या तिथं. त्यात आशय असा होता की देव दुःखातून माणसाला शिकवतो, आपलं जे वाकडं चाललेलं असतं ते सरळ करतो, म्हणून दुःखात आधी स्वतःकडं पाहावं. त्या वहिनी, म्हणजे त्या माणसाची बायको, चुलीजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. तीस-एकतीस वर्षांच्या असतील. दोन पोरं मांडीवर. त्यांनी मान वर करून विचारलं, “म्हंजी? त्यो प्याला हुता म्हणून?”

मी पुस्तकात बघितलं.

“म्हंजी तुमीबी त्येच म्हनताय,” असं म्हणून त्यांनी पोरांना खाली ठेवलं, उठल्या आणि बाहेर पाण्याकडं जाऊन पाठमोऱ्या बसल्या. कुणी जागचं हललं नाही. आणि मी काय केलं असेल, आप्पा? मी पान संपेपर्यंत वाचत राहिले. थांबायचं कसं तेच मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी तुम्हाला सांगितलं की टाचणी कुठंतरी पडली असावी, मला कळलंच नाही, वाचता वाचता ते प्रकरण आलं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. बसलेल्या घशानं म्हणालात, “माजीच चूक. जुनी टाचणी हुती.” दुसऱ्या दिवशी तसल्याच घशानं तुम्ही पळसदेवला गेलात आणि त्या वहिनींची माफी मागून आलात. त्या चर्चला यायच्या बंद झाल्या त्या झाल्याच. तुम्ही मात्र दर महिन्याला दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तिकडं जायचात. आई कुरकुरायची. मला वाटायचं, तुम्ही तिकडं वाचत असाल.

एक रविवार आठवतो. उपासना संपत आली आहे, सेक्रेटरी सूचना वाचतो आहे, सुगीच्या सणाला कुणी काय आणायचं वगैरे. सूचना संपल्यावर तुम्ही उभे राहता. हातात कागद नाही काही नाही. म्हणता, “पळसदेवचे आपले बंधू दारू पीत नव्हते. पोलिसांत सांगून बघितलं, त्यांनी घेतलं न्हाय. म्हणून मंडळीच्या वहीत लिवून घ्यावं, की त्ये दारू पीत नव्हते.” सगळे एकमेकांकडं बघतात. सेक्रेटरी पाळकांकडं बघतो. पाळक मान हलवतात. मग तो वही उघडतो आणि लिहितो, आणि तेवढा वेळ तुम्ही उभेच राहता. मला शरमेनं कुठं तोंड लपवावं असं झालं होतं. सुगीच्या भोपळ्यांच्या यादीखाली हे वाक्य! मला त्यात औचित्यभंग दिसला. तेव्हा मी औचित्य हा शब्द नुकताच शिकले होते.

मग माझं लग्न झालं, मी बारामतीला आले, नोकरी, मुलगी, तुमचं आजारपण, तुम्ही गेलात. पळसदेव भिगवण रस्त्यानं जाताना कितीदा तरी लागलं. मी एसटीत डोळे मिटून घ्यायचे.

आता ह्या जानेवारीतलं सांगते. मुलीच्या चौथ्या दिवशी आमच्या पाळकबाई आल्या. देवमाणूस आहेत, आठवडाभर त्यांच्याच घरचा डबा चालू होता. त्या बसल्या, माझा हात हातात घेतला आणि पिशवीतून एक पुस्तक काढलं. माझंच होतं, तिसरं. म्हणाल्या, “बाई, मला दुसरं काय बोलायचं सुचेना. तुम्हीच लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवते.” आणि वाचू लागल्या. चांगलं लिहिलंय हो. वाक्यं डौलदार, एक चूक सापडायची नाही. दुःखात आधी स्वतःकडं पाहावं, असं त्यातही होतं, माझ्या शब्दांत. मी उठले आणि मागच्या अंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसले. पाळकबाई आत वाचत राहिल्या. त्यांनाही थांबायचं कसं ते माहीत नव्हतं, आणि मला त्यांचा राग आला नाही. मला पळसदेवचं अंगण दिसत होतं.

महिना-दीड महिना गेला असेल. दुपारी दाराची कडी वाजली. साठी ओलांडलेली एक बाई, नऊवारी, हातात स्टीलचा डबा. मी ओळखलं नाही. त्याच म्हणाल्या, “मी पळसदेवची.” त्यांच्या कुणी भाचीनं बारामतीत बातमी ऐकून त्यांना कळवलं होतं. त्या आत आल्या, स्वयंपाकघर कुठंय विचारलं, डब्यातली चिलापी मासळी काढली, धुतली, माझ्या मिसळणाच्या डब्याला नावं ठेवली आणि कालवण केलं. मी ओट्याला टेकून उभी. म्हटलं, “वहिनी, तुम्ही आलात...” त्या म्हणाल्या, “मी काय वाचाया न्हाय आले. पोरगी कशी हुती त्ये सांगा.”

मी सांगायला लागले. दीड महिन्यात मला हे कुणी विचारलंच नव्हतं, सगळे मलाच सांगत होते. तिला कारलं आवडायचं, ती झोपेत बोलायची, सुई टोचताना पेशंटपेक्षा हीच आधी डोळे मिटायची. वहिनी कांदा चिरता चिरता ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, “गाडी कशी चालवायची?” मी सायकलवाल्या आजोबांचं सांगितलं. त्या खो खो हसल्या. मीही हसले, आणि मग जे रडू आलं ते आवरेना. त्यांनी आवर म्हणून सांगितलं नाही. कालवण खाली उतरवलं आणि म्हणाल्या, “मग त्या कागदावर लिवलंय त्ये खोटं हाय. मी सांगती, खोटं हाय.” डबा घासता घासता म्हणाल्या, “तुमच्या आप्पांनी मला असंच इचारलं हुतं. मालक कसे पवायचे, काय खायाचे, पोरान्ला काय म्हणून हाक मारायचे. तीन वरसं आले म्हैन्याच्या म्हैन्याला. एक दिस पुस्तक उघडलं न्हाय त्यांनी.”

शुक्रवार होता. त्या रविवारपर्यंत राहिल्या. रविवारी मी चर्चला निघाले तर त्याही चप्पल घालून तयार. पळसदेवनंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी, त्या पहिल्यांदा उपासनेला बसल्या. गीत त्यांना पाठ होतं. सूचना संपल्या आणि माझ्या शेजारून त्या उभ्या राहिल्या. अख्ख्या मंडळीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. म्हणाल्या, “ह्या बाईंची पोरगी गाडी हळू चालवायची. तुमच्याकडं वही असंल तर लिवून घ्या.” मग ज्यांनी कधी आवाज चढवला नाही त्या पाळकबाई पुढच्या बाकावरून म्हणाल्या, “लिहून घ्या हो सेक्रेटरी. मी बसलेय तिच्या मागं. हळूच चालवायची.” मग लॅबशेजारचा दुकानदार उठला, मग शाळेतली माझी एक सहकारी. सेक्रेटरी लिहीत होता. माझ्या मांडीवर ह्यांचा हात होता. पोलिसांच्या कागदात अजून काही बदललेलं नाही, आप्पा. तारखा पडतात. पण आमच्या मंडळीच्या वहीत ते आहे आणि मी ते वाचून आले आहे. त्या दुपारी जानेवारीनंतर पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं. त्याला आशा म्हणायचं तर म्हणते, मला दुसरा शब्द येत नाही.

जाताना वहिनींनी पिशवीतून निळं पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. तुम्हीच त्यांच्याकडं ठेवलं होतं म्हणे. त्यांना वाचता येत नाही, पण दर वर्षी त्या त्याला ऊन दाखवत आल्या. मी नववं प्रकरण उघडायला गेले, तर ती पानं शिवलेली. पांढरा दोरा, कडेनं कच्चा टाका, सारख्या अंतरावर, तुमच्या हातचा. वहिनी म्हणाल्या, “आप्पा म्हनले, टाचणी पडती, म्हणून शिवून घेतलं. वाचावं वाटलं तर दोरा वढा, लगीच उसवंल.” त्यांनी कधी ओढला नाही. मीही ओढलेला नाही. पुस्तक आता माझ्या टेबलावर, माझ्या छापायच्या पानांच्या शेजारी आहे.

वर ‘ठरवायचं आहे’ असं लिहिलं ते निमित्तच होतं, ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. आठवं प्रकरण मी काढलं. प्रकाशकांना सांगितलं की त्याच्या जागी दुसरं देते आणि फोटो नको. ते जरा हिरमुसले. म्हणाले, वाचकाला शेवटी उत्तर लागतं हो बाई. मी म्हटलं, माझ्याकडं नाही. आणि नवं प्रकरण लिहायला बसले. त्यात उपदेश ठेवायचा नाही, घडलं तेवढंच सांगायचं, तुमचं वाचन, पळसदेव, दोन्ही मंडळ्यांच्या दोन वह्या. भराभरा लिहीत गेले आणि पळसदेवच्या चौथ्या दिवसापाशी येऊन अडकले. तिथं लिहावं लागतं की नववं प्रकरण उघडं कसं पडलं. ‘टाचणी पडली होती’ असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. छापून सगळ्यांना सांगायच्या आधी हे तुम्हाला सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र. टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते इथंच राहील.

टाचणी पडली नव्हती, आप्पा. सगळे बसले होते, गुरुजी कौतुकानं बघत होते, आणि मी ती नखानं उचकटून काढली. काढून कुठं ठेवावी कळेना म्हणून माझ्या ओढणीला लावली. जीपमधून येताना ती तिथंच होती. घरी तुमच्यासमोर बसून ती कुठंतरी पडली असं मी सांगत होते, तेव्हाही ती माझ्या खांद्यावर, तुमच्या डोळ्यांसमोरच होती.